पहिला घोडा घेताय? मग जात कशी निवडायची ते नीट बघू

"कुठल्या जातीचा घोडा घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, शेवटचं खोगीर स्वतःच्या हातानं कधी कसलं होतंस? बरेच जण इथेच गप्प होतात. कारण शिकायला जातो तिथे मोतद्दार घोडा तयार करून आणून देतो, आपण फक्त वर बसायचं आणि तासाभरानं उतरून लगाम त्याच्या हातात द्यायचा. चिडवायला नाही विचारत हे, खरंच या एका उत्तरावर निम्म्या जाती यादीतून उडतात.

आधी माझंच सांगते. माझी पहिली घोडी पाच वर्षांची, अरबी क्रॉस, राखाडी. शेपूट वर उचलून चालायला लागली की बघत राहावं अशी. मी तोवर दोन वर्षं शिकलेले, तेही शाळेतल्या शांत म्हाताऱ्या घोड्यांवर, आणि मला वाटायचं की आपल्याला येतं. आठ महिन्यांत तीन वेळा पडले, तिसऱ्या वेळी मनगट गेलं. शेवटी ती ज्या बाईंकडे गेली त्या तिला लांब पल्ल्याच्या शर्यतींना नेतात आणि घोडी मस्त आहे, म्हणजे खोट घोडीत नव्हती, जोडी चुकली होती. नंतर घेतला तो चौदा वर्षांचा, खच्ची केलेला, तपकिरी, जातीचा पत्ता नाही, खालचा ओठ लोंबलेला, फोटोत अगदीच बावळट दिसतो. त्याच्यावर मी घोडेस्वारी शिकले, खऱ्या अर्थानं.

त्यामुळे या लेखात जातींची माहिती आहेच, पण जातीवर कुठपर्यंत विसंबायचं तेही आहे. जात तुम्हाला तीन गोष्टी बऱ्यापैकी खात्रीनं सांगते: अंगकाठी कशी असेल, खाण्यापिण्याचं आणि आजारांचं कसं असेल, आणि दचकला तर किती वेगानं हालेल. समोर उभा असलेला हा घोडा तुम्हाला सांभाळून घेईल की नाही, हे मात्र जात सांगत नाही. ते त्याचं वय, त्याला कुणी कसं शिकवलं आणि आत्तापर्यंत त्याच्याशी कोण कसं वागलं यावर असतं.

पायरी १: आधी स्वतःला तपासा

कागद घ्या आणि लिहा. घोड्यावर काय करायचंय? आठवड्यातून तीन दिवस रानातनं फिरायचंय, उड्या शिकायच्यात, लांब पल्ला करायचाय, की पोरांसाठी हवाय? "सगळंच थोडं थोडं" असं लिहिलंत तरी चालेल, नवख्याचं उत्तर बहुतेक तेच असतं आणि त्यासाठी चांगल्या जातीही आहेत.

मग वेळ. घोडा दिवसातला बराच काळ चरत असतो, त्याचं पोट थोडं थोडं सतत खाण्यासाठी बनलंय, रोज दोन वेळा तरी कुणीतरी बघायलाच लागतं, आणि तो कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला की बिघडतो. शेजारी दुसरा घोडा, खेचर, गाढव, काहीतरी हवं. हे जमणार नसेल तर जातीची चर्चा इथेच थांबवा आणि एखादा घोडा अर्धा-भाड्यानं घ्या, म्हणजे मालक दुसरा आणि ठरलेले दिवस तुमचे. सहा महिने असं केलं तर नंतर निवड पुष्कळ सोपी जाते. मी केलं नव्हतं.

पायरी २: वजनाचं गणित, जे कुणी करत नाही

घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, १ हँड म्हणजे ४ इंच, आणि ती मोजतात मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. लिहिताना १४.२ म्हणजे १४ हँड आणि वर २ इंच, दशांश नव्हे, हे लक्षात ठेवा नाहीतर जाहिराती वाचताना गोंधळ होतो. साधारण १४.२ च्या खालचा तो पोनी किंवा तट्टू, वरचा तो घोडा. म्हणजे सुमारे १४७ सेंटीमीटर.

पण उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. सर्वसाधारण नियम असा की स्वार, खोगीर, बूट, हेल्मेट सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं. २० ही कमाल समजा, तीही तगड्या आणि तयार घोड्यासाठी. तुम्ही ७० किलोचे, सामान १० किलो, म्हणजे ८० झाले. २० टक्क्यांनी घोडा किमान ४०० किलोचा हवा, आणि नवख्या स्वाराचं वजन पाठीवर डुचमळत असतं म्हणून मी तर ४५० च्या पुढेच बघायला सांगेन.

काटा नसला तर टेप घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, सेंटीमीटरमध्ये, आणि अंगाची लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. समजा घेर १७८ आणि लांबी १६०, तर उत्तर येतं साधारण ४२७ किलो, म्हणजे त्याच्यावर जास्तीत जास्त ८५ किलो. अगदी अचूक नाही पण डोळ्यानं अंदाज करण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि उंच घोडा म्हणजे दमदार घोडा असं अजिबात नाही. आखूड पाठ, जाड नळ्या, रुंद कंबर असलेला १४.१ चा गडी लांब पाठीच्या किरकोळ १६ हँडवाल्यापेक्षा आरामात जास्त वजन नेतो. शिवाय १६ हँडवरून पडलं की जास्त लागतं, एवढं साधं.

पायरी ३: गरम, थंड आणि मधले

घोडेवाले लोक जातींचे ढोबळ तीन गट करतात. हॉटब्लड म्हणजे अरबी, थरोब्रेड, अखल-टेके. कोल्डब्लड म्हणजे ओढकामाचे अवजड घोडे, शायर, क्लाइड्सडेल, पर्शरॉन, बेल्जियन. आणि वॉर्मब्लड म्हणजे हॅनोव्हेरियन, होल्स्टायनर, डच वॉर्मब्लड वगैरे, उड्या आणि ड्रेसाजच्या (म्हणजे ठरावीक, शिस्तबद्ध हालचाली करून दाखवण्याच्या) खेळासाठी घडवलेले. याचा रक्ताच्या तापमानाशी काहीही संबंध नाही, निरोगी घोड्याचं तापमान कुठल्याही जातीत ३७.५ ते ३८.५ च्या आसपासच असतं. हे फक्त स्वभावाचं आणि चपळाईचं वर्णन आहे.

नवख्यासाठी याचा अर्थ काय, तर वेळ. गरम रक्ताचा घोडा दचकला की तुम्हाला कळायच्या आत तो तीन मीटर बाजूला असतो आणि तुम्ही जिथे होतात तिथेच, हवेत. थंड रक्ताचा घोडा आधी थबकतो, मान वर करतो, विचार करतो, मग ठरवतो. त्या दोन सेकंदांत नवखा माणूस मांड सावरून लगाम आवरू शकतो. बाकी काही नाही, दोन सेकंदांचा खेळ आहे हा.

पण म्हणून थेट अवजड घोडा घेऊ नका. शायर १७ हँडच्या घरात आणि ९०० किलोच्या आसपास सहज जातो. घोडा दिवसाला अंगाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा खातो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला ९ किलोपर्यंत, वर्षाला सव्वातीन टनांच्या आसपास. ९०० किलोवाल्याला त्याच्या दुप्पट धरा. नाल मोठे, खोगीर वेगळं, वाहून न्यायची गाडी मोठी, औषधाचा डोससुद्धा वजनावर. पायांवरच्या लांब केसांत माइट (बारीक किडे) आणि बुरशी, ती रोज बघायला लागते. स्वभावानं देवमाणूस, सांभाळायला हत्ती.

पायरी ४: यादीत ठेवण्यासारख्या जाती

क्वार्टर हॉर्स. नवख्यासाठी सगळ्यात आधी याचंच नाव घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे. पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव पडलं, पुढे गुराख्यांच्या कामात मुरला, त्यामुळे सुटला तर जोरात सुटतो पण काम नसलं की गपचूप उभा राहतो. १४.३ ते १६ हँड, भरलेलं अंग. एकच अट, आनुवंशिक तपासण्यांचा रिपोर्ट मागा. या जातीत इम्प्रेसिव्ह नावाच्या १९६९ साली जन्मलेल्या एका नराच्या वंशात स्नायू अचानक आखडण्या-थरथरण्याचा एक आजार पसरलाय, त्याला एचवायपीपी म्हणतात, शिवाय स्नायूंत साखर साठून अंग आखडणारा पीएसएसएम आहे. केसांच्या मुळावरून लॅबमध्ये कळतं. विकणारा "त्याची काही गरज नाही" म्हणाला तर गरज आहे असं समजा.

मॉर्गन. ही सगळी जात १७८९ साली जन्मलेल्या फिगर नावाच्या एका नरापासून आली. आटोपशीर बांधा, शिकायला उत्साही, गाडीला पण चालतो आणि पाठीवर पण. क्वार्टर हॉर्सपेक्षा जरा जास्त तरतरीत, म्हणून ज्यांची मांड बसलीय त्यांच्यासाठी.

हाफ्लिंगर. टायरॉलच्या डोंगरातला, सोनेरी अंग आणि पांढरट आयाळ, साधारण १३.२ ते १५ हँड. आखूड, रुंद, मोठ्या माणसालाही नेतो. स्वभाव चांगला पण ताकदीचा अंदाज त्याला पक्का असतो, एकदा गवताकडे मान ओढून तुमच्या हातातून लगाम सुटला की पुढची दोन वर्षं तो ते विसरत नाही. पहिल्या दिवसापासून शिस्त, मग उत्तम.

फ्योर्ड. नॉर्वेचा, अंग फिकट मातकट आणि आयाळीच्या मधोमध काळी रेघ. १३.२ ते १४.२, वजन ४०० ते ५००. रानात फिरायला, गाडीला, पोरांना, सगळ्याला. मला विचाराल तर पहिल्या घोड्यासाठी आपल्याकडून सगळ्यात कमी चर्चा होणारी आणि सगळ्यात जास्त व्हावी अशी ही जात.

आइसलँडिक. तट्टूएवढा, पण मोठी माणसं बसतात. त्याला तॉल्ट नावाची चाल येते, त्यात एक तरी पाय कायम जमिनीवर असल्यामुळे पाठीवर हिसका जवळपास बसत नाही, कंबरदुखीवाल्यांसाठी वरदानच. उशिरा वयात येतो, चार-पाच वर्षांचा झाल्यावरच स्वारीला घेतात. आइसलँडमध्ये बाहेरचा घोडा येऊ देत नाहीत, एकदा बाहेर गेलेला तिथलाच घोडाही परत घेत नाहीत. तिथे जन्मून बाहेर आलेल्या घोड्यांना डासासारख्या चिलटांच्या चाव्यांची भयंकर खाज सुटते, म्हणून चिलटं जास्त असतील तिथे बाहेरच जन्मलेला बघा. तशीच सपाट चाल टेनेसी वॉकर, मिझुरी फॉक्स ट्रॉटर, पासो फिनो यांचीही, फक्त पासो फिनो जरा तिखट.

कोनेमारा आणि वेल्श. आयर्लंड आणि वेल्सची ही पोनी मंडळी, कोनेमारा १४.२ पर्यंत, उड्यांना भारी आणि डोकं ठिकाणावर. कोनेमारात खुराची भिंत चिरफाळण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याची टेस्ट बघा. वेल्श कॉब, म्हणजे वेल्शच्या नोंदणीतला सेक्शन डी नावाचा गट, फार देखणा पण इंजिन मोठं, सुरुवातीला नकोच.

शेटलंडबद्दल एवढंच की ४२ इंचांपर्यंतचा हा घोडा लहान पोरांसाठी लोक खेळण्यासारखा घेतात आणि मग तो घरादाराला शिकवतो. पोर दोन वर्षांत उंच होतं आणि घोड्याचं आयुष्य २५-३० वर्षांचं असतं, याचा हिशोब आधी करा.

या सगळ्या कणखर, थंडी-डोंगरातल्या जातींचा एक समान धोका आहे, तो म्हणजे त्यांना कमी खाऊन जगायची सवय. हिरवंगार कुरण मिळालं की फुगतात आणि खुराच्या आतला थर सुजतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा दिसला की समजायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. म्हणजे "कमी खातो, परवडेल" हे अर्धंच खरं, त्याला कमी खायला घालणं हेच काम होऊन बसतं.

मारवाडी आणि काठियावाडी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ते हे दोन. मारवाडी जरा उंच, काठियावाडी लहान आणि सडपातळ. दोन्हींत रेवाल चाल आढळते आणि ती मिळाली तर पेला न सांडता जाल इतकी मऊ. पण दोन्ही तल्लख, पटकन तापणाऱ्या. वयानं मोठा, शांत हातांखाली तयार झालेला मिळाला तर जरूर बघा, पण ज्याला जागच्या जागी थयथयायला किंवा मागच्या पायांवर उभं राहायला मुद्दाम शिकवलंय असा घोडा नवख्यानं घेऊच नये. तो हट्टीपणा करत नसतो, त्याला बिचाऱ्याला वाटतं हेच तर मागतायत.

आणि कुठलीच जात नसलेला, मिश्र. याच्यावर लोक नाक मुरडतात पण पहिल्या घोड्यासाठी मी याला वरच्या सगळ्यांच्या बरोबरीनं ठेवेन. पैदाशीसाठी घेत नसाल तर वंशावळीचा कागद तुमच्या काय कामाचा? ओळखपत्र, मायक्रोचिप, लसीकरणाच्या नोंदी मात्र हव्यातच.

पायरी ५: ज्यांच्या प्रेमात पडू नये असे

थरोब्रेड शर्यतीतून बाहेर पडला की स्वस्तात मिळतो, पाच-सहा वर्षांचा, उंच, चमकदार, आणि नवखा माणूस हुरळतो. जरा त्याच्या बाजूनं बघा. त्याला शिकवलंय की लगाम घट्ट धरला म्हणजे पळायचं, आणि तुम्ही घाबरलात की नेमका लगामच घट्ट धरणार. जॉकी त्याच्यावर चालता चालता चढवला जातो, म्हणून चढताना उभं राहायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. शर्यतीच्या तबेल्यातल्या बहुतेक घोड्यांना पोटात अल्सर असतात. उत्तम जात आहे, पण कुणीतरी जाणकारानं वर्ष-दोन वर्षं नव्यानं शिकवलेला असेल तरच.

अरबी बुद्धीनं फार पुढे. १६० किलोमीटरच्या शर्यतींत त्यांचंच राज्य असतं, माणसाला जीव लावतात. पण तुम्ही आज चुकून काय शिकवलंत ते उद्या पक्कं झालेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांचा शहाणा अरबी मिळाला तर उलट आनंदानं घ्या.

फ्रिजियन, तो काळा, पायावर झालर आणि लाटांसारखी आयाळ. स्वभाव बहुतेकांचा गोड. पण जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे खुजेपणा, डोक्यात पाणी साठणं, अन्ननलिका सैल पडणं, महाधमनी फाटणं असले आजार या जातीत इतरांपेक्षा जास्त दिसतात. ॲपलुसा, ठिपकेवाला, अंगानं आणि स्वभावानं नवख्याला चालतो, पण वारंवार डोळे सुजून शेवटी दृष्टी जाण्याचा आजार त्याच्यात इतर जातींच्या सुमारे आठपट. घेणारच असाल तर डोळ्यांची वेगळी तपासणी करा.

रंगावरून आठवलं. "पांढरा" घोडा बहुतेक वेळा जन्मतः गडद असतो आणि वयानुसार पांढरा होत जातो, आणि अशा घोड्यांत वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शेपटीखाली, ओठापाशी काळ्या गाठी फार जणांना होतात. सगळ्या जीवघेण्या नसतात, पण शेपूट उचलून बघायला लाजू नका. माझ्या त्या राखाडी घोडीची मी कधी बघितली नव्हती.

पायरी ६: वय आणि लिंग

८ ते १५ वर्षं. निरोगी असेल तर १७-१८ पण चालेल. तीन वर्षांचं शिंगरू घेऊन "आम्ही दोघं एकत्र शिकू" म्हणणारे फार भेटतात, दोघांतल्या एकाला तरी यायला पाहिजे ना. पक्के दात पाच वर्षांच्या सुमारास पूर्ण येतात, आणि वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच दिसायला लागते, पंधराच्या आसपास ती अर्ध्यात येते आणि विसाच्या सुमारास टोकापर्यंत. कागदावर ९ आणि दातात अर्धी खाच दिसली तर डॉक्टरला विचारा.

खच्ची केलेला घोडा पहिली पसंती, रोज सारखाच भेटतो. घोडी चालेल, फक्त मोसमात तीन आठवड्यांच्या चक्रात काही दिवस तिचा मूड वेगळा असतो. खच्ची न केलेला घोडा नवख्यानं नको, तो कितीही शांत आहे असं कुणीही शपथेवर सांगितलं तरी.

पायरी ७: बघायला जाताना

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. एकटे जाऊ नका, तुमच्या शिकवणाऱ्याला न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूनं बोलेल.

आधी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत घोडा बाहेर काढू नका. पोचल्या पोचल्या हात छातीवर आणि पाठीवर खोगीर बसतं तिथे ठेवा. गरम, ओलसर, केस चिकटलेले, किंवा घाई-घाईत खरारा केल्यासारखे लागले तर तुम्ही यायच्या आधी त्याला दमवलंय. नेहमीपेक्षा सुस्त, मान खाली, डोळे अर्धवट, खालचा ओठ सुटलेला असा दिसला तर त्याला औषध दिलंय का तेही डोक्यात ठेवा. माझ्याच दुसऱ्या घोड्याचा ओठ लोंबता होता म्हणून मी घाबरून चार दिवसांनी न सांगता परत गेले, तेव्हाही ओठ तसाच, आणि समोर बादलीवरून शेजारच्या घोडीशी भांडण चाललेलं. तो त्याचा चेहराच होता.

मग सगळं पहिल्यापासून बघायला मागा. मोकळ्यात पकडायला किती वेळ लागतो, बांधल्यावर उभा राहतो का, चारी खूर उचलू देतो का, खोगिराचा पट्टा आवळताना कान मागे पाडून चावायला बघतो का. तबेल्यात लाकूड धरून हवा गिळणं, दारात उभं राहून सारखं डावीकडे-उजवीकडे डोलणं, या सवयी लागल्या की सहसा सुटत नाहीत. फळीच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या की विचारा.

चढायचं आधी विकणाऱ्यानं. तो चढायला तयार नसेल तर तुम्हीही चढू नका, विषय संपला. मग तुमचा शिकवणारा, मग तुम्ही. साधी चाल, दुडकी, मग झेप, थांबणं, वळणं, आणि सोबतच्या घोड्यांपासून एकट्यानं दूर नेणं. शेवटचं बरेच जण विसरतात, घोळक्यात गाय असणारा घोडा एकटा पडला की वेगळाच होतो.

आता ती दोन सेकंदांची गोष्ट आठवा. आम्ही माझा तपकिरी बघत होतो तेव्हा कुंपणावरची ताडपत्री वाऱ्यानं सुटली आणि फटकन वाजली. तो दचकला, सगळे दचकतात. एक पाऊल बाजूला, चारी पाय रोवून उभा, दोन्ही कान ताडपत्रीकडे, मी मानेवर हात ठेवला तर कातडीखाली थरथर. मग नाकातून एक मोठा फुर्रर्र, एक कान माझ्याकडे वळला, आणि मान खाली. मनातल्या मनात मोजले होते, पाच आकडे. माझी घोडी अशा वेळी पाच मिनिटांनीसुद्धा त्या कोपऱ्याकडे यायची नाही. तेव्हा दचकला की नाही हे बघू नका, दचकल्यावर परत शुद्धीवर यायला किती वेळ घेतो ते बघा, आणि त्या वेळात त्याचा एक तरी कान स्वाराकडे येतो का. हे बघायला मिळावं म्हणून दुसऱ्या भेटीत छत्री उघडा, बादली पाडा, पण कुणी वर बसलेलं नसताना आणि विकणाऱ्याला सांगून.

पायरी ८: डॉक्टरची तपासणी

डॉक्टर तुमचा, विकणाऱ्याचा नाही. डोळे, हृदय, फुप्फुसं, दात, खूर, मग कडक जमिनीवर हातात धरून चालवणं, पळवणं, सांधा दुमडून धरून लगेच पळवणं, स्वारी करून दमवणं, विश्रांती आणि पुन्हा पळवणं. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा, दुखणं दाबायचं किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का ते नंतर तपासता येतं. जातीनुसार वर सांगितलेल्या आनुवंशिक टेस्ट याच वेळी उरका. डॉक्टर शक्यतो "पास-नापास" सांगत नाही, तुम्हाला काय करायचंय त्यासाठी चालेल का ते सांगतो, म्हणून पायरी १ चा कागद त्याला दाखवा. रानात फिरायला चालणारा जुना गुडघा उड्यांना चालत नाही.

पायरी ९: व्यवहार आणि घरी आणणं

शक्य असेल तर दोन-चार आठवडे चाचणीवर मागा, आणि काय बोलणं झालं ते सगळं लेखी. वय, आजार, सवयी, परत करायच्या अटी. चाचणीच्या काळात इजा झाली तर खर्च कुणाचा हे पण लिहा, यावरून मैत्र्या तुटलेल्या बघितल्यात मी.

जुन्या मालकाला पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: चंदी काय आणि किती, शेवटचं नाल कधी (६ ते ८ आठवड्यांनी नालबंद लागतोच), जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस कधी, दात कानशीनं कधी घासून घेतले, आणि त्याचं खोगीर कुठलं. जमलं तर तेच खोगीर विकत घ्या, पाठीला बसलेलं असतं.

आणि त्याच्याकडून आठ-दहा दिवसांचा जुना चारा मागून आणा. घोड्याला उलटी करता येत नाही, खाणं अचानक बदललं की पोट धरतं, आणि त्या पोटदुखीनं घोडे मरतात. म्हणून जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत दहा दिवसांनी पूर्ण नव्यावर यायचं. पहिले दोन-तीन दिवस पाठीवर बसू नका, नुसतं हातात धरून सगळी जागा फिरवा, पाणी कुठे, दार कुठे, शेजारी कोण. माझा तपकिरी पहिल्या रात्री काही खाईना, सारखा दाराशी येऊन त्या गाडीच्या वाटेकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या घरचं गवत टाकलं, तेव्हा एकदा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मग जे खायला लागला ते दुपारपर्यंत मान वर केली नाही.